नेत्रोन्मीलन

लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळात भर दुपारीही काळोख असतो. बाहेर वैशाखाचे ऊन तळपत असले, तरी सभामंडपात पाऊल टाकताच क्षणभर डोळ्यांना काहीच दिसेनासे होते; मग हळूहळू खांब उमटू लागतात, खांबांवरच्या आकृती उमटतात, पण छत तेव्हाही दिसत नाही. ते पाहावयाचे तर कोणीतरी विजेरी वर धरावी लागते, आणि तिच्या प्रकाशाच्या लहानशा वर्तुळात लवणासुराचे निर्दालन करणारा विष्णू, त्याच्या भोवतालचे परिवारगण, दगडात कोरलेली वेलबुट्टी असे सारे एकामागून एक उजळते आणि पुन्हा अंधारात विरते. विजेरी नव्हती त्या शतकांत हे छत कोणी पाहिले असेल? ज्या कारागिरांनी मान मागे टाकून, डोळ्यांत दगडाची भुकटी झेलीत हे कोरले, त्यांना हे ठाऊक नसेल असे मानवत नाही. तरीही त्यांच्या छिन्नीने कोठे अळंटळं केलेली नाही. तरुणपणी मी प्रथम ते छत पाहिले तेव्हा हे कोणासाठी केले असेल असे बरोबरच्या गृहस्थांना विचारले होते. ते दोनच शब्द बोलले, "देव पाहतो." त्या उत्तराने माझे अनेक वर्षे समाधान झाले होते.

ते समाधान ढळले ते गेल्या हिवाळ्यात. जिल्ह्यातल्या एका गावी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर स्थानिक चित्रकारांचे प्रदर्शन भरले होते. शाळांतले चार-पाच ड्रॉइंग मास्तर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे दोघे पेंटर, इंटरमिजिएटची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालेली एक मुलगी आणि सगळी हयात सातबारा व पैसेवारी लिहिण्यात घालवून निवृत्तीनंतर जलरंगांकडे वळलेले एक तलाठी, एवढ्यांनी मिळून ते मांडले होते. लोणारचे सरोवर काठावरून पाहिलेले, तसेच आतल्या बाभूळबनातून पाहिलेले, सिंदखेडराजाच्या राजवाड्याचे महाद्वार, शेगावच्या महाराजांची बैठक, पोळ्याच्या झुली, कपाशीची वेचणी. प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी, तिच्यावर नाव, गाव आणि किंमत. दाराशी अभिप्रायाची वही. भिंतीवर 'चित्रांना हात लावू नये' अशी सूचना. आणि जिन्याच्या पायथ्याशी, कोणीही न सांगता, खेड्यांतून आलेल्या माणसांनी ओळीने काढून ठेवलेल्या चपला.

त्या चपलांपाशी मी थबकलो. माणसे प्रदर्शनाला आली होती की दर्शनाला? एकाच दृश् धातूपासून आपण हे दोन शब्द घडविले, आणि दोघांच्या वाट्याला किती निराळा मान दिला! देवाचे होते ते दर्शन. सांख्य, न्याय, वेदान्त ही दर्शने. प्रदर्शन मात्र श्रीमंतीचे होते, विद्वत्तेचे होते, दुःखाचेही होते. आणि कोणी प्रदर्शन मांडले असे आपण म्हणतो तेव्हा त्या बोलण्यात बहुधा एक ठपका असतो. मग ज्याने आपले नाव, गाव आणि किंमत लिहून आपली कृती भिंतीला टांगली, त्याने लोणारच्या अनाम कारागिराच्या मार्गावरून पाऊल बाजूला टाकले असे म्हणावयाचे काय? कर्म करावे आणि फळावरचा हक्क सोडावा ही शिकवण ज्या भूमीत आईच्या दुधाबरोबर मिळते, तेथे चित्राच्या कोपऱ्यातल्या सहीला धर्माच्या कचेरीत काय कैफियत देता येईल?

या प्रश्नाची जुनी साक्ष आमच्याच जिल्ह्यात, मेहकरला आहे. तेथील शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीखालून निघाली. काळ्या पाषाणाची, माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर जाणारी, प्रभावळीसकट अखंड. वऱ्हाडात तेव्हा इंग्रजांचा अंमल होता, आणि मेहकरात आजही सांगतात की, ही मूर्ती विलायतेस नेण्याचा सरकारी मनसुबा होता. ती तेथल्या संग्रहालयात ठेवली गेली असती. हुकूम येऊन पोचण्यापूर्वी गावकऱ्यांनी तिची प्रतिष्ठापना केली, आणि प्रतिष्ठा झालेल्या देवाला हलविणे कोणासही अवघड झाले. मुंबईस बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली ती याच १८८८ साली. चित्रे भिंतीला टांगून लोकांना दाखविण्याची आणि उत्तम कृतीस पदक देण्याची रीत आपल्याकडे रुजविण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही हे मला कळते. तरीही एकाच वर्षी मुंबईत कलाकृतीने दालनाची वाट धरावी आणि मेहकरात तिने दालन नाकारून गाभारा पत्करावा, ही घटना माझ्या मनातून जात नाही.

मूर्तीत त्या विधीने काय पालटले? पाषाण तोच, रेखीवपणा तोच. पण प्रतिष्ठेत नेत्रोन्मीलन नावाचा एक संस्कार असतो. सोन्याच्या शलाकेने मूर्तीचे डोळे उघडावयाचे आणि तिची पहिली दृष्टी मंगल वस्तूंवर पडू द्यावयाची. तोवर माणूस मूर्तीकडे पाहत असतो. त्या क्षणापासून मूर्ती माणसाकडे पाहू लागते. प्रतिष्ठित देवतेला स्वतःची इच्छा असते आणि तिला केवळ जंगम मालमत्ता समजता येत नाही, हे १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनेदेखील एका खटल्यात मान्य केले. विलायतेच्या दालनात जी वस्तू म्हणून राहिली असती, ती मेहकरात व्यक्ती होऊन राहिली. दर्शनाचे मर्म माझ्या मते हेच आहे की, तेथे पाहणारा स्वतःही पाहिला जातो. भिंतीवरच्या चित्राला असे डोळे कोण देणार? तेथे ना आचार्य, ना शलाका.

सहीचा प्रश्न मला त्यामानाने सोपा वाटतो. आमच्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपापली नावे घातली, आणि त्यांना कोणी अहंकारी म्हटले नाही. कारण 'म्हणे' या क्रियापदापुढे नाव ठेवणारा माणूस मालकी सांगत नसतो, तो आपल्या बोलाची जबाबदारी उचलीत असतो. पंचनाम्याखाली पंच सही करतो ती पंचनाम्यातील मालावर हक्क सांगण्यासाठी नव्हे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, एवढे कबूल करण्यासाठी. चित्राखालचे नाव त्या जातीचे असेल तर त्याला संकोचण्याचे कारण नाही. किंमतीच्या आकड्याविषयी मी अधिक बोलत नाही. रंग आणि कॅनव्हास विकत घ्यावे लागतात, आणि मूर्ती घडविणाऱ्या शिल्प्यालाही दक्षिणा मिळतच असे.

पण संतांचे नाव निघाले की या जिल्ह्यातल्या माणसाला चोखोबांपाशी थांबणे भाग पडते. देऊळगावराजा तालुक्यातले मेहुणाराजा हे त्यांचे जन्मगाव, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो आहो. चोखामेळ्याने ज्या देवावर जीव ओवाळला, त्याच्या गाभाऱ्यात त्याला जन्मभर पाऊल ठेवता आले नाही. मंगळवेढ्यास भिंत कोसळून तो गेला, आणि त्याची समाधी झाली तीही पंढरीच्या महाद्वारासमोर, उंबऱ्याच्या बाहेर. त्या देवळाचे दार सर्वांना मोकळे व्हावयास १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण आरंभावे लागले. गाभाऱ्याच्या दर्शनाचे मी वर जे गौरवगान केले, ते या आठवणीपुढे मला तसेच्या तसे उच्चारवत नाही. ज्या मूर्तीचे डोळे उघडले, तिच्यापुढे उभे राहण्याची मुभा मात्र आम्ही जात विचारून दिली; आणि प्रदर्शन हा शब्द आपण कितीही हलका लेखला, तरी त्याच्या दालनाच्या उंबऱ्यावर कोणी कोणाचे कूळ विचारीत नाही. माझ्या लेखी हे पुण्य लहान नाही. ज्याला दारातून परत फिरविले गेले, त्याच्या जन्मगावापासून काही कोसांवर एखादे असे दालन उघडते, मग ते वाचनालयाचा उसना घेतलेला वरचा मजला का असेना, तेव्हा तेथे एका जुन्या ऋणाची थोडी फेड होत असते असे मला मनापासून वाटते.

आणि तरीही जिन्याखाली चपला होत्या. दाराशी उभ्या असलेल्या मुलाने "चपला घालूनच या, मावशी" असे सांगितले, तरी एका बाईने त्या पुन्हा घातल्या नाहीत. तिचा नवरा आत गेला. ती चौकटीशी टेकून उभी राहिली. तिला कोणी अडविले नव्हते. अडविणारे काही तिने बरोबरच आणले होते, आणि ते कोणत्याही कायद्याने एका दिवसात उतरत नाही.

तिचा नवरा एका चित्रापुढे बराच वेळ थांबला. चित्र पेरणीचे होते. तिफणीला जुंपलेले पांढरे बैल, मृगाचे काळे आभाळ, आणि तिफणीमागून चाड्यावर मूठ धरून चाललेली हिरव्या लुगड्यातली स्त्री. रंग फार गोड उतरले होते. अभिप्रायाच्या वहीत याच चित्राची सर्वांत अधिक स्तुती होती. चित्रकार मास्तर जवळच उभे होते. तो गृहस्थ वळून त्यांना म्हणाला, "मास्तर, बाकी सारं बराबर हाय. पण चाड्यावरची बाई अशी सामने पाहत नसते. तिचं ध्यान मुठीत असते. तुमची बाई तं रस्त्याकडं पाहून राहिली."

दालनात जरा शांतता झाली. मी चित्राकडे पुन्हा पाहिले. इतका वेळ मी जी स्त्री पाहत होतो ती खरोखरच माझ्याकडे, म्हणजे प्रेक्षकाकडे, पाहत होती. तिला चितारणाऱ्याने तिला आमच्यासाठी उभी केली होती, शेतासाठी नव्हे. चाड्यातून तीन नळ्यांत दाणा सारखा जावा लागतो. तो बोटांच्या फटीतून सुटतो तेव्हा बाईला डोळ्यांनी दिसत नाही, हाताला कळतो. आणि मातीखाली तो कसा पडला हे तर उगवून येईपर्यंत कोणालाच दिसत नाही. एवढे ज्ञान त्या एका वाक्यात होते, आणि ते मुंबईच्या कोणत्याही परीक्षकाने दिले नसते.

मास्तरांचा चेहरा उतरेल असे मला वाटले होते. ते म्हणाले, "खरं आहे, भाऊ. मी लहानपणी पाहिलेलं, आठवून काढलं. मूठ कशी धरतात, दाखवा बरं." त्या गृहस्थाने हात पुढे केला, बोटे मिटून पाहिली, आणि मान हलवली. "हे काम आमचं नाही. ते तिला इचारा," असे म्हणून त्याने दाराकडे पाहून बायकोला हाक मारली. ती आढेवेढे घेत, अनवाणी, फरशीवरून आत आली. चित्राकडे तिने एकदाच पाहिले आणि काही बोलली नाही. मास्तरांनी पत्रिकेचा एक कागद उलटा केला, खिशातून पेन्सिल काढली. तिने पदर खोचला, टेबलाच्या कडेवर, जणू खाली चाडे आहे अशी, उजवी मूठ पालथी धरली आणि मान खाली घातली.

"बोटं हालवाची नाही," ती म्हणाली. "अंगठा तेवढा सरकते."

मास्तर खाली वाकून तो अंगठा काढू लागले.