डाग मालाचा की कामाचा?

मुंबईत समुद्राजवळच्या इमारतीत स्टेनलेस स्टीलच्या नव्या कठड्यावर पहिल्याच वर्षी तांबूस ठिपके दिसले, की ‘माल डुप्लिकेट निघाला’ हा निकाल ठरलेला. कधी तो खराही असतो; पण पुष्कळदा खोट मालात नसते, फॅब्रिकेटरच्या शेवटच्या तासाभराच्या कामात असते. या पोलादातले लोखंड गंजायला टपलेलेच असते. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि पृष्ठभागावर काही नॅनोमीटरचा पापुद्रा धरते, म्हणून लोखंड झाकलेले राहते. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. रंगासारखे वरून काही फासायचे नसल्याने इथली सगळी मशागत त्याच्या वाटेतले अडथळे काढण्याची.

मग आपोआप धरणाऱ्या पापुद्र्यासाठी अ‍ॅसिडचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. वेल्डिंगच्या जोडालगत उमटणारा निळा-तपकिरी पट्टा हेच त्याचे उत्तर. उष्णतेने तिथे ऑक्साइडचा जाड थर चढतो, तो खालचे क्रोमियम ओढून घेतो आणि त्याखालचे पोलाद दुबळे होते. वरवर बफ मारला की रंग जातो, गिऱ्हाईक खूश होते. दुबळा थर मात्र राहू शकतो. नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडची पिकलिंग पेस्ट दोन्ही थर विरघळवते. दुसरा शत्रू साध्या लोखंडाचा कीस. त्याच ग्राइंडरने आधी एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, अँगल घासलेला असतो, शेजारच्या कटरच्या ठिणग्या उडून चिकटतात. मोरचुदाचे द्रावण सहा मिनिटे ओले ठेवले, तर जिथे मोकळे लोखंड आहे तिथे तांब्याची लाली चढते. (स्वयंपाकाच्या भांड्यांवर हा प्रयोग नको.)

हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते, तेव्हा त्याला नकार देणाऱ्या कारागिराला भित्रा म्हणता येणार नाही. नुसता कीस काढायला सौम्य सायट्रिक अ‍ॅसिड पुरते. वेल्डिंगचा पट्टा त्याला सहसा दाद देत नाही. तिथे पेस्टच लागते, म्हणून हातमोजे, गॉगल, कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणि भरपूर पाणी यांचा खर्च कामाच्या दरातच धरायला हवा. त्यापेक्षा नेहमीच्या ३०४ ग्रेडचे स्टेनलेस सोडून मॉलिब्डेनमवाले महाग ३१६ घ्यावे, हा सल्लाही सर्रास मिळतो. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडपुढे ते जास्त टिकते, यात वाद नाही. पण वर लोखंडाचा कीस तसाच राहिला तर तेही तांबूस होते, आणि मीठ त्यावरही साचतेच. पावसाने धुतला जाणारा कठडा स्वच्छ आणि छपराखालचा डागाळलेला, हे समुद्रकाठी नेहमीचे दृश्य आहे. पाऊस पोचत नाही तिथे गोड्या पाण्याचे फडके फिरवणे ३१६ घेऊनही चुकत नाही.