कोन, प्रकाश आणि उत्तरदायित्व : पुतळ्याच्या छायाचित्राची नीती

(१)

सार्वजनिक ठिकाणी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे व ते प्रसिद्ध करणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही, असे १९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याचे ५२ वे कलम सांगते. कायद्यापुरता प्रश्न येथे मिटतो. सौंदर्यविचाराचा आणि नीतिविचाराचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. छायाचित्रकार पुतळ्याला हात लावीत नाही, त्याचा एक कणही बदलत नाही. तरीही कॅमेरा थोडा खाली नेला, प्रकाश समोरून घेण्याऐवजी पाठीमागून घेतला, की शांत वाटणारा चेहरा उग्र होतो आणि थकलेले खांदे विजयी दिसू लागतात. हे नव्याने दिसलेले पुतळ्यात होते काय? नसल्यास ते दाखविण्याचा अधिकार छायाचित्रकाराला कोठून मिळाला?

हा प्रश्न केवळ छायाचित्रणाच्या तंत्राचा नाही. संहितेतील एकही अक्षर न बदलता समीक्षक तिचा अर्थ पालटवितो, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न उभा असतो. म्हणूनच तो साहित्यविचाराच्या कक्षेत घेणे अप्रस्तुत ठरू नये.

(२)

या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे दिली गेली आहेत. शिल्पाचे छायाचित्र कसे घ्यावे, या विषयावर हाइनरिश वोल्फलिन या कलेतिहासकाराने १८९६ आणि १८९७ मध्ये लेख लिहिले. अभिजात परंपरेतील शिल्पाला त्याच्या कर्त्याने योजलेली एक प्रमुख दर्शनी बाजू असते. ती सोडून छायाचित्रकार केवळ चित्रमयतेच्या मोहाने तिरक्या बाजूला गेला, तर शिल्पाची बाह्यरेषा बिघडते आणि पाहणाऱ्याच्या मनात खोटी प्रतिमा रुजते, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. येथे छायाचित्रकाराचे कर्तव्य निष्ठेचे आहे.

दुसरे टोक रोदँच्या बाल्झाकच्या पुतळ्याशी निगडित आहे. ज्या लेखकसंस्थेने हा पुतळा करवून घेतला, तिनेच तो १८९८ मध्ये नाकारला. पुढे दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, एडवर्ड स्टायकन याने मदाँ येथे त्याच्या प्लास्टरच्या प्रतीची छायाचित्रे चांदण्यात, दीर्घकाळ प्रकाशन देऊन घेतली. दिवसाच्या उजेडात बेढब म्हणून हिणवले गेलेले ते घनरूप रात्रीच्या प्रकाशात एखाद्या स्वयंभू शिळेसारखे उभे राहिले. स्वतः रोदँने या छायाचित्रांचे मनापासून स्वागत केले. चांदण्याची योजना शिल्पकाराची नव्हती. पण त्या प्रकाशाने शिल्पकाराचे म्हणणे त्याच्या टीकाकारांपेक्षा अधिक स्पष्ट केले. म्हणजे कर्त्याने न योजलेला प्रकाशही कृतीशी प्रामाणिक असू शकतो. तेव्हा योजलेली बाजू विरुद्ध न योजलेली बाजू एवढ्या भेदावर नीतीचा निकष उभारता येत नाही.

(३)

प्रकाश आणि मूर्ती यांच्या संबंधाचा याहून जुना विचार कोल्हापुरात वास्तूच्या रूपाने उभा आहे. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभी, आणि पुन्हा नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांच्या सुमारास, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून, गरुडमंडपातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी ते चरणांना, दुसऱ्या दिवशी वर चढत छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखाला स्पर्श करतात, अशी परंपरेची धारणा आहे. ढग, धूळ किंवा किरणमार्गात आलेली बांधकामे यांमुळे काही वर्षी हा क्रम पूर्ण होत नाही.

किरणोत्सवातून दोन गोष्टी सूचित होतात. पहिली अशी, की येथे प्रकाश हा पाहणाऱ्याच्या लहरीचा भाग नसून रचनेचा भाग आहे. कोणत्या दिशेने आणि वर्षातील कोणत्या वेळी तो यावा, हे भिंतींनी आणि द्वारांनी ठरविलेले आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे दर्शन क्रमाने घडते. चरणांवरचा प्रकाश हा मुखावरच्या प्रकाशाचा अपुरा खर्डा नव्हे. तो त्या दर्शनाचा पहिला चरण आहे. छायाचित्र या क्रमातील एक क्षण उचलते. बहुधा तो मुख उजळल्याचाच असतो, आणि मग तोच ‘किरणोत्सव’ म्हणून लोकांच्या स्मृतीत राहतो. क्षण निवडण्यात दोष नाही, कारण निवडीवाचून छायाचित्रच नाही. दोष निर्माण होतो तो निवडलेला क्षण उरलेल्यांची जागा घेतो तेव्हा.

(४)

ज्या नगरात ही वास्तू आहे, त्याच नगरात बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी चित्र, शिल्प आणि चित्रपट ही तिन्ही माध्यमे हाताळली. ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘सावकारी पाश’ (१९२५) यांचा हा दिग्दर्शक मूर्तिकारही होता. घाटाचा निर्णय एक आणि तो घाट कोणत्या उजेडात दाखवायचा हा निर्णय दुसरा, हे अशा कलावंताला कोणी शिकविण्याची गरज नसते. पण कोनाच्या प्रश्नाला खरी नैतिक धार येते ती स्टुडिओत नव्हे, चौकात.

९ डिसेंबर १९५० रोजी, माधवराव बागल यांच्या पुढाकाराने, कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे उभारले गेले. आंबेडकर तेव्हा हयात होते. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेतील भाषणात त्यांनी बजावले होते, की माणूस कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये. धर्मातील भक्ती मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातील भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते.

आता या पुतळ्याचे छायाचित्र घेणाऱ्याचा विचार करावा. कॅमेरा चौथऱ्याच्या पायथ्याशी ठेवून, मस्तकामागे मावळता सूर्य धरून त्याने चित्र घेतले, तर मस्तकाभोवती प्रभावळ तयार होईल. ज्याने व्यक्तिपूजेविरुद्ध इशारा दिला त्याचीच पूज्य मूर्ती होईल. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की नजरेच्या पातळीवरून घेतलेले चित्रच आंबेडकरांच्या विचाराशी सुसंगत होय. हा निष्कर्ष घाईचा आहे. ज्या समाजाने शतकानुशतके काही माणसांकडे केवळ खालीच पाहिले, त्या समाजाला चौकात मान वर करून पाहावयास लावणे हा स्वतः एक युक्तिवाद आहे. चौथरा हाच एक कोन आहे, आणि तो पुतळा उभारणाऱ्यांनी जाणीवपूर्वक निवडलेला आहे. शिडी लावून घेतलेले ‘समपातळीचे’ चित्र हा युक्तिवाद पुसून टाकू शकते.

म्हणजे खालून वर पाहणारा एकच कोन दोन परस्परविरोधी अर्थ वाहतो : न्याय्य उलथापालथ आणि निर्बुद्ध भक्ती. नीती कोनात वसत नाही. तटस्थ कोन मिळत नाही, म्हणून तटस्थतेची मागणी करण्यातही अर्थ नाही.

(५)

यावर एक आक्षेप संभवतो. छायाचित्र ही स्वतंत्र कलाकृती आहे. पुतळा तिचे केवळ द्रव्य आहे. द्रव्याशी निष्ठा राखण्याचे बंधन कलावंतावर का असावे? रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराच्या दोन ध्रुवांची मांडणी केली : स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद. उपर्युक्त आक्षेप पहिल्या ध्रुवावरचा आहे आणि त्या ध्रुवावर तो बिनतोड आहे. छायाप्रकाशाची एक रचना म्हणून चित्र पाहावयाचे, तर तेथे बाल्झाकही नाही आणि आंबेडकरही नाहीत. परंतु चित्राखाली नाव लिहिले जाताच परिस्थिती बदलते. ते नाव चित्राला जे वजन देते ते छायाप्रकाशाच्या रचनेने कमावलेले नसते. ते उसने असते, आणि उसनवारीबरोबर देणे येते. ‘ही माझी निर्मिती’ असे म्हणून स्वातंत्र्य घ्यावयाचे आणि ‘हे आंबेडकर’ असे म्हणून अधिकारही मिळवावयाचा, या दोन्ही गोष्टी एकाच दमात करता येत नाहीत.

हे देणे फेडले की नाही हे ओळखण्याची एक कसोटी सुचविता येईल. छायाचित्र पाहिलेला माणूस पुन्हा प्रत्यक्ष पुतळ्यासमोर उभा राहिला, तर त्याला पूर्वीपेक्षा अधिक दिसते की कमी? स्टायकनच्या चित्रानंतर बाल्झाकचे घनरूप भर दुपारीही नव्याने दिसू लागते. चांदणे संपले तरी त्याने दिलेली दृष्टी उरते. उलट प्रभावळीचे चित्र मनात घेऊन बिंदू चौकात गेलेल्या माणसाला प्रभावळीवाचूनचा चेहरा फिका वाटू लागला, समोरचा विचारवंत न दिसता केवळ हरवलेला देव जाणवू लागला, तर त्या चित्राने पुतळ्याकडून घेतले आणि परत काही दिले नाही.

ही कसोटी छायाचित्रकाराचे स्वातंत्र्य आकसून टाकीत नाही. पहाटे, भर उन्हात, पावसात, रस्त्यावरच्या दिव्यात, मागून, बाजूने, अगदी जवळून त्याने पुतळा पाहावा; एका चित्राऐवजी दहा चित्रे द्यावीत. विविध कोनांचे खरे मूल्य नावीन्यात नसून परस्पर तपासणीत आहे : प्रत्येक चित्र दुसऱ्याला सांगते, की तू संपूर्ण नाहीस. समीक्षेचा व्यवहारही याहून वेगळा नाही. एका संहितेची अनेक वाचने असणे हा अराजकाचा पुरावा नव्हे. ती वाचने एकमेकांना प्रश्न विचारू शकतात तोवर संहिता सुरक्षित असते. एखादे वाचन इतके तेजस्वी झाले, की त्याच्यापुढे मूळ संहिता पुन्हा उघडण्याची इच्छाच कोणाला होऊ नये, तर त्या तेजाबद्दल वाचकाने सावध असावे. किरण तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. पण पहिल्या दिवशी ते चरणांवर होते, याचे विस्मरण होऊ देणे हे दर्शनाला बाधक आहे.