बसायला जागा

आमच्या पुरंदर तालुक्यातून पुण्याला माल न्यायचा म्हणजे दिवे घाट उतरायचा. घाट उतरला की हडपसर आणि मग शहर. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांबरोबर ट्रकमध्ये वाटाण्याच्या पोत्यांवर बसून मी पहिल्यांदा मंडईत गेलो. पहाटेची वेळ होती. अंधारात तो मधला उंच मनोरा दिसला आणि मला वाटलं, मोठं देऊळच आहे. मी हात जोडले. दादा हसले. म्हणाले, "लेका, ह्यो देव न्हाय, बाजार हाय. हितं आपून वाहायचं आन् परसाद दुसऱ्यानं खायचा."

पोती उतरली, बोली झाली, अडत-हमाली-तोलाई कापून पट्टी दादांच्या हातात आली. मग आम्ही रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून भाकरी सोडली. "ए, उठा, गाडी लावायचीय," असं कुणीतरी म्हणालं. आम्ही भाकरी हातात घेऊन पलीकडं बसलो. तिथूनही उठलो. आमच्या वाटाण्याला शहरात जागा होती, आम्हाला नव्हती.

साठी उलटल्यावर हे पुन्हा आठवायचं कारण असं, की शहराच्या मध्यावर शेतकऱ्याला बाजारासाठी जागा द्या, ही मागणी आता सगळीकडं ऐकू येते. मीही तसल्या अर्जावर सही केलीय. पण ती जागा नक्की कुणाच्या हक्काची, हा प्रश्न मला वाटला तेवढा सोपा निघाला नाही.

मंडईचंच बघा. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरायचा. मग नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत आठ बाजू असलेली ही दगडी इमारत बांधायला काढली. जोतीराव फुले १८७६ पासून नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं, एवढा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला. त्यांचं ऐकलं गेलं नाही. १८८६ साली बाजार उघडला आणि त्याला मुंबईच्या गव्हर्नराचं, लॉर्ड रे यांचं नाव दिलं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना ते नाव बदलून महात्मा फुले मंडई झालं. ज्या इमारतीला फुले नको म्हणाले, तिच्यावरच त्यांचं नाव लागलं.

मी दहावीपर्यंतच शिकलो, मोठ्या गोष्टी मला कळतात असं नाही. पण शेतकऱ्याचा असूड लिहिणारा माणूस बाजाराच्या विरुद्ध कसा असेल? मला वाटतं, इमारत कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. तो अजून सुटलेला नाही. मंडईत गाळे आहेत, ओटे आहेत. पुढे घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, तिथं तर मोठमोठी शेडं आहेत. पण दोन्हीकडं पिकवणारा येतो तो पाहुणा म्हणूनच. माल टाकायचा आणि परतीची गाडी धरायची.

मग २०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. सावता माळी महाराजांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार निघाले. आमच्या गावच्या सात-आठ जणांनी गट केला आणि शहरातल्या एका मोकळ्या मैदानावर आठवड्यातून एक दिवस बसायला लागलो. मेथी, शेपू, वाटाणा, घेवडा, दिवसात सीताफळ आणि अंजीर. पहिल्या दिवशी वजनकाट्यामागं खुर्ची टाकून बसलो तेव्हा दादांची फार आठवण झाली. मला आता कुणी उठवणार नव्हतं.

उठवलं ते आम्हीच दुसऱ्याला.

मैदानाच्या दाराशी एक मावशी रोज भाजी घेऊन बसायची. गोणपाटावर चार पाट्या. आमचा बाजार भरायला लागल्यावर व्यवस्था बघणाऱ्या पोरांनी तिला सांगितलं, आजच्या दिवस पलीकडच्या गल्लीत बस, इथं फक्त शेतकरी. तिसऱ्या आठवड्याला ती सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, तुमी आठवड्यातनं एकदा येता. मी पंधरा वरसं हितं ऊन खाती. माझा एक दिवस तुमी नेला."

मी म्हणालो, "मावशी, आम्ही पिकवतो. मधल्यांनी आजवर आम्हाला लुटलं."

ती म्हणाली, "मी कुणाला लुटलं? पहाटं तीनला उठून मार्केट यार्डात जाती. माझं रान सावकारानं खाल्लं म्हणून हितं आले. मी बी कुणब्याचीच हाय."

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या भाषणांत 'मधला' म्हटलं की पांढऱ्या कपड्यातला, गादीवर बसलेला माणूस डोळ्यापुढं यायचा. गोणपाटावरची बाई आम्ही त्यात कधी धरलीच नव्हती. हाकलताना मात्र तिलाच हाकललं, कारण तिला हाकलणं सोपं होतं.

पुढची गोष्ट सांगायला जड जाते. त्या वर्षी पावसानं टोमॅटो हातचा गेला. गिऱ्हाईक तर बांधलेलं. मी येताना बाजारातून चार क्रेट विकत घेतले आणि आपल्या मालात मांडले. एका आजींनी विचारलं, "तुमच्याच रानातले ना?" मी मान हलवली. तोंडानं खोटं बोललो नाही, एवढीच मनाची समजूत. दाराकडं नजर गेली. ती मावशी तोच माल विकायची, पण माझ्या रानातला आहे असं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या दोघांत फरक काय राहिला होता? पिकवतो म्हणून जी जागा मला मिळाली, ती त्या दिवशी मी पिकवलेल्या मालानं राखली नव्हती.

तेव्हापासून मी एक नियम केला. माल संपला की ताडपत्री गुंडाळायची, मग सकाळचे नऊ वाजले असोत. आणि मावशीला दाराशी बसू द्या म्हणून गटात बोललो. भांडण झालं. एक जण म्हणाला, "आपण धर्मशाळा काढलीय का? आज एकीला बसवली, उद्या दहा येतील." तोही चुकीचा नव्हता. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं. शेवटी ठरलं ते एवढंच : ती तिच्या जागी बसेल, आमचा उरलेला माल घाऊक भावानं तिला द्यायचा, ती तो दुसऱ्या दिवशी विकेल. आम्हाला उरलेली मेथी घाट चढवून परत न्यावी लागेना. तिची यार्डाची एक खेप वाचली.

शहरात जागा नाही, असं म्हणतात. मला ते पटत नाही. दरवर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. नाना पेठ, भवानी पेठ भरून जाते. शाळा उघडतात, लोक वाड्यांची, बंगल्यांची दारं उघडतात, कुणी दाढ्या करून देतं, कुणी पाय दाबतं. लाखांनी माणूस मावतो आणि कुणी चौरस फुटाचा भाव विचारत नाही. मग ज्ञानोबांची पालखी आमच्या दिवे घाटानं सासवडला चढते. मागं उरतात झाडायच्या जागा. वारकरी त्या जागेवर हक्क सांगत नाही, म्हणून तर पुढच्या वर्षी दार पुन्हा उघडतं.

बाजारालाही तशीच जागा पुरे आहे. रविवारी शाळेचं पटांगण, सुटीच्या दिवशी कचेरीचं आवार मोकळंच असतं. तिथं चार तास बसायला द्या. प्यायला पाणी, बायाबापड्यांसाठी मोरी-संडास आणि डोक्यावर सावली हवी. मनोरा नको. आम्हीही बसू, विकू, झाडून काढू आणि उठू. आमच्या आधीपासून रोज बसतो त्याला सरकवून नव्हे, त्याच्या शेजारी. दोनदा भाकरी हातात घेऊन उठलेल्या माणसाच्या मुलाला एवढं तरी कळायला हवं होतं. मला ते पन्नास वर्षांनी आणि एका बाईच्या बोलण्यानं कळलं.

ते मैदान आता आमच्याकडं नाही. तिथं बांधकाम निघालं. आम्ही दुसरीकडं बसतो, मावशी दुसऱ्या रस्त्याच्या तोंडाशी. परतताना टेम्पो तिच्यापाशी थांबतो. उरलेल्या जुड्या मोजून घेताना ती दर वेळी गोणपाटाची कड सरकवते आणि म्हणते, "बसा की दादा जरा, च्या घ्या."

मी बसतो.