कानामागची शीर

जरा टेकून बसा. घाई नाही. जे पाहायचं आहे ते फार लहान आहे, आणि फार मोठ्या जनावराच्या आत आहे.

आधी कान पाहा. आशियाई हत्तीचं तीन वर्षांचं पिल्लू. नुकतीच आंघोळ झालीय, अंगावरच्या राठ केसांतून पाणी ठिबकतंय. माहूत हाक मारतो. पिल्लू लोखंडी गजांपाशी येऊन आडवं उभं राहतं आणि कान त्याच्या हातात देतं. माहुताच्या दुसऱ्या हातात केळं आहे हे पिल्लाला पक्कं ठाऊक आहे. कानाच्या मागची कातडी पातळ असते; तिथल्या शिरा पिंपळपानावरच्या रेषांसारख्या उठून दिसतात. त्यातल्या एका शिरेत बारीक सुई जाते. पिल्लू केळं खात राहतं.

हे शिकायला त्याला महिने लागलेत. आधी कानाला नुसता हात, मग हलका चिमटा, मग सुईचं टोक. लक्षात घ्या, पिल्लू आजारी नाही. तरी दर आठवड्याला त्याचं रक्त घेतात.

आता काचपट्टीवर तो थेंब पसरू द्या आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घाला. तांबड्या पेशी माणसाच्या पेशींहून मोठ्या, साधारण 9 मायक्रोमीटरच्या. संख्या मात्र कमी: एका मायक्रोलिटरमध्ये 30 लाखांच्या आसपास. आपल्याकडे हा आकडा आला तर घरातले डाळिंब-बीट सुरू करतील. हत्तीचं हिमोग्लोबिन मात्र तेवढ्यावरही 12च्या आसपास असतं, कारण पेशीच मोठी. पांढऱ्या पेशी 15,000 म्हणजे आपल्यासाठी तापाची चाहूल. हत्तीसाठी ही रोजचीच सकाळ.

अजून थोडं खोल पाहा. ही पांढरी पेशी, केंद्रक दोन पाकळ्यांचं. पेशी मोजणारं यंत्र हिला भलत्याच खान्यात टाकतं, कारण ते माणसाच्या रक्तावर शिकलेलं असतं. ही मोनोसाइट आहे. हत्तीत या पेशी भरपूर असतात. म्हणून जाणता माणूस यंत्राचा कागद बाजूला ठेवतो आणि पेशी स्वतः मोजतो. एक. दोन. तीन. तुम्हीही त्याच्या गतीनं मोजा.

का मोजायच्या?

1995मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात कुमारी नावाचं सोळा महिन्यांचं पिल्लू अचानक गेलं. तिच्या शवविच्छेदनातून एका नागीणवर्गी विषाणूचा माग लागला. शोधनिबंध 1999 साली आला. ईईएचव्ही हे त्याचं नाव. तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर घाव घालतो आणि अंगातल्या अंगात रक्त झिरपू लागतं. 2019मध्ये ओडिशाच्या नंदनकाननमध्ये याच रोगानं महिनाभरात चार हत्ती नेले. जीभ निळी-जांभळी पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. मग कधी कधी काही तासच उरतात.

पण जीभ बोलण्याआधी रक्त बोलतं. मोनोसाइट घटतात. प्लेटलेट उतरतात. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचा आकडा ऐकायला जो फोनपाशी बसलाय, त्याला ही धडधड वेगळी सांगायला नको. पीसीआर चाचणीत विषाणू दिसतो तेव्हा पिल्लू कदाचित अजून खेळत असतं. औषध तेव्हा सुरू झालं तर वाचण्याची आशा असते.

इथे थोडं रेंगाळा. हा विषाणू बाहेरून कुणी आणलेला नाही. मोठ्या हत्तींपैकी बहुतेकांच्या अंगात तो निजलेला असतो, अधूनमधून सोंडेच्या स्रावातून बाहेर पडतो. आई, मावशी सोंडेनं पिल्लाचं तोंड चाचपतात, त्या मायेतूनच तो पोचतो. पिल्लाला आईकडून प्रतिपिंडंही मिळालेली असतात. ती हळूहळू ओसरतात आणि पिल्लू स्वतःची तयार करेपर्यंत मधे एक उघडा काळ राहतो. आणि संकट आलंच, तर कळपातल्याच एखाद्या मोठ्या हत्तिणीच्या कानातून रक्त घेऊन त्यातला प्लाझ्मा पिल्लाला देतात. विष आणि उतारा एकाच घरचे. मला ही गोष्ट अजून पुरती पचलेली नाही.

आता भिंतीवरचा कागद पाहा. आठवड्याला पेशींच्या आकड्याचा एक ठिपका, ठिपक्यांची रेष. ती थोडी वर जाते, थोडी खाली येते; आणि प्रत्येक पिल्लाचं नेहमीचं वेगळं असतं. आपल्या रिपोर्टवर बाजूला नॉर्मलचा रकाना छापलेला असतो. या पिल्लाचा रकाना त्याच्याच मागच्या पन्नास सकाळींनी भरलाय. आजचा मोनोसाइटचा आकडा निम्म्यावर आला असेल, तर तो ‘निम्मा’ कशाचा हे त्या कंटाळवाण्या ठिपक्यांनाच सांगता येतं. नुसत्या आजच्या नळीला नाही. ज्या दिवशी काही घडलं नाही, त्या दिवसाचं रक्त घेतलं होतं म्हणून.

त्या ठिपक्यांवरून नजर सावकाश फिरवा. एकेकामागे एक केळं आहे, हातात दिलेला एक कान आहे.

पुन्हा गजांपाशी या. सुई निघालीय. माहूत शिरेवर बोट दाबून उभा आहे. रक्त थांबेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं तसंच उभं राहायचं असतं. बोटाखाली कान ऊबदार आहे, त्यातली नाडी जेमतेम कळते. तेवढा वेळ तुमचं बोटही तिथेच असू द्या.

केळं संपलंय. पिल्लू सोंडेनं त्याच्या खिशाची झडती घेतंय.