बासरीतला पडदा

कीर्तनात एक दृष्टान्त हमखास येतो. गोपी बासरीला विचारतात, तू असं कोणतं पुण्य केलंस की कृष्ण तुला ओठांपासून दूर करत नाही? बासरी म्हणते, मी आतून रिकामी आहे. दृष्टान्त गोड आहे. पण स्वतःला पूर्ण पुसून टाकणं म्हणजेच भक्ती, असा जो अर्थ त्यातून काढला जातो, तो बासरी घडवणाऱ्याच्या हातात टिकत नाही. उत्तर अमेरिकेतल्या लाकोटा लोकांची सीडरची बासरी पाहा. लाकूड उभं चिरून दोन्ही फाका पटाशीने आतून कोरतात आणि पुन्हा जोडून आवळून बांधतात. कोरताना मधे एक आडवी भिंत मुद्दाम राखलेली असते. फुंक त्या भिंतीशी अडते, वरच्या छिद्रातून बाहेर येते, वर बांधलेल्या ठोकळ्याखालच्या अरुंद वाटेने पुढे सरकते आणि पलीकडच्या छिद्राच्या धारेवर आपटते. तिथे हवा क्षणात आत, क्षणात बाहेर वळते आणि त्या आंदोलनातून सूर उमटतो. ती भिंत काढली तर नळी अधिक रिकामी होईल आणि मुकी होईल. आपल्या वेळूच्या बासरीतही खालचं टोक मोकळं ठेवतात, पण मुखरंध्राकडच्या टोकाला पेराचा पडदा राखतात किंवा बूच बसवतात.

यावर कुणी म्हणेल, ही भिंत म्हणजेच अहंकार आणि तो तर जायलाच हवा. पण कारागीर सरसकट काहीच राखत नाही आणि सरसकट काही काढतही नाही. वेळूच्या प्रत्येक कांड्याची जाडी आणि पोकळी वेगळी, म्हणून एका बासरीचं माप दुसरीला तंतोतंत लागू पडत नाही. तो स्वररंध्र आधी लहान पाडतो, फुंकून ऐकतो, मग कानशीने किंचित वाढवतो. रंध्र वाढलं की सूर चढतो. जास्त वाढलं तर कोरलेलं परत भरून येत नाही. त्याचं समर्पण या ऐकण्यात आहे. साधकालाही हाच विवेक लागतो: काय झिजवायचं आणि काय राखायचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दृष्टान्त म्हणजे पुरावा नव्हे. लाकडाच्या घडणीवरून आत्म्याबद्दल काय सिद्ध होणार? हे खरंच आहे. म्हणून संतांकडेच पाहू. सावता माळी मळ्यात राहिले, गोरा कुंभार चाकावर, नरहरी सोनार भट्टीपाशी. तिघांचा विठ्ठल एकच, पण सावतोबांच्या अभंगात भाजीचा मळा येतो आणि नरहरींच्या अभंगात सोनाराची हत्यारं. भक्तीने माणूस पुरता पुसला जात असता, तर या सगळ्यांची वाणी एकसारखी ऐकू आली असती. ती तशी नाही, कारण प्रत्येकाने आपला अहंकार झिजवला, आपला पिंड मात्र राखला. कृपेची फुंक सर्वांना सारखी मिळत असेल. तिचा सूर होतो तो माणसात उरलेल्या या घट्ट भागाशी तिची गाठ पडल्यावर. म्हणून ज्याला आपला स्वभाव आणि आपलं काम देवाच्या वाटेतली धोंड वाटते, त्याने ते टाकून देण्याआधी नीट पारखावं. देवाला गायला कदाचित तेच हवं असेल.