भूतांचे भय आणि सर्वभूतहित

मनुष्याच्या भयांची जितकी कारणे आहेत, त्यांत मृतांचे भय हे सर्वांत विचित्र म्हटले पाहिजे. जिवंत मनुष्य आपणास अपाय करू शकतो, हे उघड आहे. परंतु ज्याचा देह पंचमहाभूतांत मिळून गेला, त्याचीच भीती आपण अधिक बाळगतो. देह पालटणे हे जुने वस्त्र टाकून नवे घेण्यासारखे आहे, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील दृष्टान्त आपणास मुखोद्गत असतो. तरीही काळोख्या रात्री एखाद्या ओसाड वाड्यावरून जाताना पाऊल भराभर पडू लागते. या भयाच्या मुळाशी काय आहे आणि त्याचा आपल्या धर्माचरणाशी काही संबंध पोहोचतो काय, याचा येथे विचार करावयाचा आहे.

असल्या कथा केवळ अशिक्षित खेड्यांतच नांदतात, असा आपला एक सोयीचा समज असतो. चंदीगडचेच उदाहरण पाहा. 1952 साली पायाभरणी झालेले हे नगर ले कोर्ब्यूझिए या स्थापत्यविशारदाच्या आराखड्याप्रमाणे, केवळ बुद्धीच्या बळावर, रेषा आखून वसविलेले आहे. येथील विभागांना नावे नसून क्रमांक आहेत. परंतु त्या आराखड्यात बारानंतर एकदम चौदा आला. तेरा हा आकडा पाश्चात्त्य देशांत अशुभ गणला जातो, म्हणून तो गाळला, असे लोक सांगतात. मनीमाजरा या जुन्या वस्तीला सेक्टर 13 हे नाव मिळाले ते 2020 साली. रेषा कितीही सरळ आखल्या, तरी मनातील काळोखाला त्यांतून वाट सापडतेच!

या नगरापासून सिमल्याच्या वाटेवर, हिमाचलाच्या सोलन जिल्ह्यात बडोग नावाचे लहानसे स्थानक आहे. कालका ते सिमला या 96 किलोमीटरच्या अरुंद लोहमार्गावरील सर्वांत लांब बोगदा येथे आहे. त्याचा क्रमांक 33 आणि लांबी सुमारे 1143 मीटर. हा लोहमार्ग 1903 साली सुरू झाला आणि 2008 साली जागतिक वारशात गणला गेला. या बोगद्याविषयी चंदीगडपासून सिमल्यापर्यंत सर्वत्र एक कथा सांगितली जाते. बडोग नावाच्या इंग्रज अभियंत्यावर बोगद्याचे काम सोपविले होते. वेळ वाचावा म्हणून त्याने डोंगर दोन्ही बाजूंनी पोखरण्यास आरंभ केला. परंतु मापनात चूक राहिली आणि दोन्ही टोके एकमेकांस मिळालीच नाहीत. सरकारने त्यास एक रुपया दंड केला. ती मानहानी सहन न होऊन त्याने प्राणत्याग केला. आणि तेव्हापासून त्याचा आत्मा तेथे वावरतो, असे म्हणतात. पुढे हॅरिंग्टन या मुख्य अभियंत्याने दुसऱ्या जागी बोगदा पूर्ण केला. चायलजवळच्या झाझा गावचा भलकू नावाचा निरक्षर पहाडी मनुष्य त्यास मार्ग दाखवीत होता. अर्धवट सोडलेला जुना बोगदा आजही डोंगरात आहे, आणि प्रवासी त्याचे काळोखे तोंड पाहून शहारतात.

या कथेत लोकांनी कालांतराने भर घातली असेल. परंतु आपणास विचार करावयाचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. या कथेत दुःख कोणाचे, आणि भय कोणाचे? दुःख त्या अभियंत्याचे. ज्यांनी एक रुपयाचे नाणे मागून एका कर्त्या मनुष्याची लाज काढली, त्यांचे नावही कथेत उरलेले नाही. भय मात्र सर्वांस वाटते ते ज्याने सोसले त्याचेच! जवळजवळ प्रत्येक भूतकथेत हा विपर्यास आढळतो. विहिरीत जीव दिलेली सून ही गावाची हडळ होते. तिला विहिरीपर्यंत लोटणारे घर मात्र अब्रूदार राहते. अन्याय करणारा विस्मृतीत सुखाने नांदतो आणि अन्याय सोसणारा मेल्यावरही सर्वांचा वैरी ठरतो.

येथे कोणी अशी शंका घेईल की, संभाविताची अपकीर्ती मरणाहून वाईट, असे गीताच सांगते. मग त्या अभियंत्याने प्राण दिला यात नवल ते काय? शंका वरवर बिनतोड वाटते. परंतु ते वचन कोणास उद्देशून आहे, हे पाहावे. स्वकर्तव्य टाकून रणातून मागे फिरू पाहणाऱ्या अर्जुनास ते सांगितलेले आहे. कर्तव्य टाकणे ही एक गोष्ट, आणि कर्तव्य करीत असता प्रमाद घडणे ही अगदी निराळी गोष्ट. दुसरीविषयी गीतेचा निर्णय अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे : अग्नीबरोबर जसा धूर, तसा प्रत्येक आरंभाबरोबर काही ना काही दोष असतोच, म्हणून सहज कर्म टाकू नये. डोंगर पोखरणाऱ्याचे माप चुकले, तर माप सुधारावयाचे असते. मनुष्य मोडावयाचा नसतो. फलावर आपला अधिकार नाही, हे सूत्र केवळ कर्म करणाऱ्यासाठी नव्हे. कर्माची झडती घेणाऱ्यानेही ते ध्यानात ठेवावयास हवे.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक प्रसिद्ध कथा आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. काकांना घातलेली त्यांची आर्त हाक रात्री वाड्यात अजून ऐकू येते, असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. येथेही पाहा : भय वाटते ते त्या पोराच्या हाकेचे, तलवारीचे नव्हे. परंतु ती हाक त्याच काळी आणखी एका मनुष्याने ऐकली होती. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी ती ऐकून दाराला कडी घातली नाही, की अंगारा मागितला नाही. त्यांनी चौकशी केली, सत्तेवर असलेल्या राघोबादादांस वधाबद्दल दोषी ठरविले, आणि त्या राज्यात न्याय उरला नाही असे पाहून पुणे सोडले. मृताची हाक ऐकण्याचे हे दोन प्रकार आहेत. एकाने मनुष्य थरकापतो. दुसऱ्याने जागा होतो.

गीतेने प्रेतभूतांच्या उपासनेस सतराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. भयाने भूतास नारळ वाहणे हे तर तामस खरेच. पण भयाने त्याच्यापासून पळणे हेही त्याच जातीचे होय. कारण दोहोंतही समोरच्याचे दुःख जाणण्याची इच्छा नसते. हे अज्ञान किती क्रूर होऊ शकते, हे अंगातले भूत काढण्याच्या नावाखाली स्त्रियांना व रुग्णांना झालेल्या मारहाणीवरून दिसते. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करून असल्या कृत्यांना गुन्हा ठरवावे लागले. परंतु कायदा हात धरू शकतो, अंतःकरण पालटू शकत नाही. ते काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

त्यासाठी ‘भूत’ या शब्दाचाच विचार पुरेसा आहे. आपल्या बोलण्यात तो शब्द भिववितो. गीतेत बहुधा त्याचा अर्थ, जे जे उत्पन्न झाले ते ते, म्हणजे प्राणिमात्र, असा आहे. सर्वभूतहितात रमणे हे ज्ञान्याचे लक्षण, आणि कोणत्याही भूताचा द्वेष न करणे हे भक्ताचे पहिले लक्षण सांगितले आहे. त्याच बाराव्या अध्यायात, ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून होत नाही, तो भगवंतास प्रिय, असे म्हटले आहे. या दोन गोष्टी एकत्र सांगण्यात मोठे मर्म आहे. ज्याने कोणास छळले नाही, त्यास भिण्याचे कारण उरत नाही. आणि जो भ्याला नाही, तोच दुसऱ्याच्या दुःखाजवळ जाऊ शकतो. दैवी संपत्तीच्या यादीत अभयाला प्रथम स्थान आहे ते उगाच नव्हे.

म्हणून आपल्या गावच्या ओसाड जागेची कथा मुलांना सांगावयाची असेल, तर अवश्य सांगावी. परंतु तेथे कोण दिसते, एवढेच सांगून थांबू नये. तेथे कोणावर काय गुदरले, ते कोणी केले, आणि कोणी उभे राहून पाहिले, हेही सांगावे. मग आपल्या घरात, कचेरीत वा शाळेत आज कोणी एका चुकीसाठी चारचौघांत खाली मान घालून उभा आहे काय, हे पाहण्यास त्यांस शिकवावे. मेलेल्याची हाक ऐकू येणे ही कल्पना असेल; जिवंताची हाक ही कल्पना नव्हे. ती वेळेवर ऐकली, तर पुढच्या पिढीस भिण्याजोगी एक जागा तरी कमी होईल.