आधी अभय, मग क्षमा



आजचं वाचन गीतेच्या सोळाव्या अध्यायातलं, दैवी संपत्तीच्या २६ गुणांचं. आमच्या नागपूरच्या वाचन-ग्रुपमध्ये यावर बोलताना एका ताईंनी विचारलं, "घरी मार खाऊनही क्षमा करत राहायचं, हीच भक्ती ना?"

क्षमा या यादीत आहेच. पण ती बाविसावी. पहिला गुण आहे अभय. भीतीपोटी गप्प राहणं याला आपण क्षमा म्हणतो, तिथेच घोळ होतो. ज्या बाईला 'नाही' म्हणायची सोयच नाही, ती क्षमा कुठून करणार? ती फक्त दिवस ढकलते.

पुढच्याच श्लोकात आसुरी लक्षणं येतात. त्यात क्रोध आहे आणि पारुष्य, म्हणजे कठोर वागणं-बोलणंही आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही फक्त मारहाणीपुरता थांबत नाही. सतत अपमान, धमक्या, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, हे सगळं त्यात हिंसाच आहे. "हात तर उचलत नाही ना?" हा प्रश्न म्हणूनच अपुरा पडतो.

संत बहिणाबाई आठवा. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी नव्हेत, तर सतराव्या शतकातल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. कोल्हापुरात असताना नवऱ्याने त्यांना मारलं, बांधून ठेवलं. हे आपल्याला माहीत आहे, कारण त्यांनी स्वतःच आत्मचरित्रपर अभंगांत ते सांगून ठेवलं. घरची अब्रू जाईल म्हणून झाकलं नाही. पुढे नवरा बदलला, हेही खरं. पण त्यावरून "सोसलं की माणूस सुधारतो" असा नियम काढू नका. सुधारणं ही मारणाऱ्याची जबाबदारी. त्यासाठी कुणी मार खात थांबायचं नसतं.

मग करायचं काय? तातडीच्या वेळी ११२. महिला हेल्पलाइन १८१. नागपूर पोलिसांच्या 'भरोसा सेल'मध्ये २०१७ पासून समुपदेशन, कायदेशीर आणि पोलिसांची मदत एकाच छताखाली मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. घरात मोबाईल तपासला जात असेल, तर मैत्रिणीच्या फोनवरून बोला.

आणि आपण बाकीचे? पीडितेनेच तक्रार करायला हवी असं नाही. संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. तरी आधी तिला विचारा, तिला काय हवंय, काय सुरक्षित वाटतंय. सत्संगात कुणी असं बोललं, तर "प्रारब्ध आहे, नाम घे" म्हणून वाटेला लावू नका. नाम घ्यायचंच आहे. तिच्यासोबत भरोसा सेलपर्यंत जाताना घेऊ.

जय हरी!